न तुटणारे दोर

माझे समोरचे वरचे दोन दात खोटे आहेत. खरे होते ते आम्ही ज्याला नांगर म्हणतो त्याने एका रविवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास पाडले. एक टेबलाखाली सापडला, दुसरा बहुधा मी गिळला. तरी आज मी त्याच्याविषयी लिहायला बसलोय, आणि सगळंच काही रागाने लिहिणार नाही. थोडं रागाने लिहीन. दात माझे होते.

आधी मी कोण ते सांगतो, कारण या प्रकरणाची सुरुवात माझ्या शहाणपणापासून झाली. माझा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. खाली दुकान आहे आणि वर एक खोली. त्या खोलीत दोन कॉम्प्युटर, तीन पडदे आणि एका भंगारातल्या ट्रकचं स्टिअरिंग आहे. त्यावर आम्ही जहाजं चालवतो. खेळातली. वारा, भरती-ओहोटी, पाण्याची खोली, सगळं त्यात खऱ्यासारखं असतं, आणि भरलेलं जहाज धक्क्याला लावताना खरोखरचा घाम फुटतो. खऱ्या बोटीत मी एकदाच बसलो. अर्ध्या तासाची फेरी होती, त्यातली पंचवीस मिनिटं मी कठड्यावरून वाकलेलो होतो.

आम्ही मूळचे तिघं. एक मी, सगळे मला काटेवाला म्हणतात. दुसरी औषधवाली. तिचं कोपऱ्यावर औषधांचं दुकान आहे आणि चिंचोळ्या खाडीतून दोनशे मीटरचं जहाज ती असं नेते की बघत राहावं. तिसरा लिफ्टवाला. तो शहरातल्या लिफ्ट दुरुस्त करतो, खातो खूप, बोलतो त्याहून जास्त, आणि जहाज हमखास धक्क्यावर आपटतो.

दर रविवारी दोन ते सहा आमची बैठक. आधी प्रश्न, मग जहाजं. प्रश्न मी काढतो. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत माझी चार हजारांवर कार्डं आहेत. जहाजाच्या डाव्या अंगाला कोणता दिवा? लाल, हे झालं बालवाडीतलं. वेगाला नॉट का म्हणतात? पूर्वी गाठी मारलेला दोर पाण्यात सोडत आणि वाळूचं घड्याळ रिकामं होईतो किती गाठी हातातून गेल्या ते मोजत, म्हणून. जो कुणी 'ताशी पाच नॉट' म्हणेल त्याचा मी एक गुण कापतो, कारण नॉटमध्ये तास आधीच आलेला असतो. लिफ्टवाल्याचे असे एकूण एकोणसाठ गुण मी कापले आहेत. त्याच्या मते मला घरी कुणी विचारत नाही म्हणून मी असा आहे. तेही खरं आहे.

आमचा एक नियम होता. उत्तरावर वाद झाला तर भांडायचं नाही, चालवून दाखवायचं. भरलेला टँकर थांबायला किती अंतर लागतं यावर एकदा औषधवालीचं आणि लिफ्टवाल्याचं जुंपलं. मग टँकर सुरू केला, सगळा वेग दिला, उलटा पंखा लावला आणि तो थांबेपर्यंत डोळ्यांत तेल घालून बसलो. औषधवाली जिंकली. लिफ्टवाला दोन आठवडे फिरकला नाही.

नांगर आला तो बहिणीचा काटा घेऊन. त्याची ताई आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून खिळे, स्क्रू आणि साखळ्या वजनावर विकते. तिचा काटा दर वर्षी माझ्याकडे येतो. मी काटा उघडत होतो तेवढ्यात वर लिफ्टवाल्याने जहाजाचा भोंगा वाजवला. या गृहस्थाने मान वर केली.

"वर काय आहे?"

"जहाजं," मी म्हटलं.

तो न विचारता जिना चढला. वय साठीच्या आसपास, मान आखूड, खांदे दारात अडतील असे, आणि डाव्या हाताची शेवटची दोन बोटं नाहीत. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला तो चार तास हलला नाही. चहासुद्धा हात न हलवता प्यायला, असं लिफ्टवाला सांगत फिरतो. त्यानेच त्याला नांगर हे नाव दिलं. त्याला त्याचं काही वाटलं नाही. पुढची दोन वर्षं तो दर रविवारी येत राहिला.

"गोदीत होतो," एवढंच त्याने सांगितलं. आम्ही धरून चाललो की गोदामावर पहारेकरी वगैरे असणार. कुठली टगबोट कुठल्या कारखान्यात बांधली ते आम्ही झोपेत सांगू, पण समोर बसलेल्या माणसाची बोटं कुठे गेली हे आम्ही दोन वर्षांत विचारलं नाही. आता त्याची लाज वाटते.

खेळात तो स्टिअरिंगला हात लावायचा नाही. जहाज धक्क्याला लागलं की मात्र पुढे सरकायचा, दोर बांधायचं काम घ्यायचा आणि मग त्या दोरांकडे बघत बसायचा. एकदा म्हणाला, "हे तुटत कसे नाहीत?"

त्याचं कारण साधं होतं. खेळात एक खूण असते, 'दोर तुटू शकतो'. लिफ्टवाल्याने पहिल्याच महिन्यात इतके दोर तोडले की वैतागून मी ती खूण काढून टाकली. तेव्हापासून आमच्या खोलीत दोर तुटला नव्हता.

"आमचे दोर म्हणजे लग्नाच्या गाठी," लिफ्टवाला म्हणाला. "माणूस तुटेल, दोर तुटणार नाही."

सगळे हसले. नांगर हसला नाही.

त्या रविवारी मी नवीन कार्डं आणली होती, सगळी आपल्याच बंदराविषयी. रद्दीवाल्याकडे बंदराच्या चौकशीचे जुने अहवाल गठ्ठ्याने मिळाले होते. मी ते रात्रंदिवस वाचून साठ प्रश्न काढले होते आणि स्वतःवर बेहद्द खूश होतो. अकरावं कार्ड मी असं वाचलं: "एकोणीस वर्षांपूर्वी सात नंबरच्या धक्क्यावर एका मालवाहू जहाजाचा दोर तुटून त्याचा सारंग ठार झाला. कारण सांगा."

सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम आणि विंच म्हणजे दोर आवळायचं-सोडायचं यंत्र, हे आमच्यात सगळ्यांना माहीत होतं. औषधवाली जरा थांबून म्हणाली, "विंचवाल्याचा हलगर्जीपणा?"

"शाबास. दोन गुण. विंचवाल्याने ब्रेक आवळून ठेवला आणि दोर वेळेवर सैल केला नाही."

"डुलकी लागली असेल," लिफ्टवाला म्हणाला.

"डुलकीच," मी म्हटलं. "त्याच्या डुलकीत बिचाऱ्या दुसऱ्याला कायमची झोप लागली."

हा विनोद मी घरी आधी दोनदा म्हणून पाहिला होता.

नांगर स्टुलावरून उठला तेव्हा मला वाटलं, चहा ओतायला उठला. पहिला ठोसा तोंडावर बसला. मी खुर्चीसकट मागे गेलो, डोकं भिंतीवर आपटलं, आणि तोंडात एकदम गरम झालं. त्याने मला कॉलर धरून उचललं आणि दुसरा ठोसा त्याच जागी मारला. दात तेव्हा गेले. तो ओरडत नव्हता, शिवी देत नव्हता. त्या गप्पपणाची मला ठोशाहून जास्त भीती वाटली. लिफ्टवाल्याने मागून येऊन स्टूल त्याच्या पाठीत घातलं. स्टुलाचा पाय मोडला. नांगरने न वळता कोपर मागे मारलं आणि लिफ्टवाल्याचं नाक फुटलं. मग दोघं एकमेकांना धरून टेबलावर पडले. एक पडदा खाली येऊन फुटला, त्या काचेवर नांगरचा हात कापला, लिफ्टवाला त्याचं डोकं केसांना धरून टेबलाच्या कडेवर आपटू लागला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा आपटलं असतं तर हे लिहायला माझ्याकडे काही उरलं नसतं. औषधवालीने चहाची गरम किटली दोघांच्या मानेवर ओतली.

सगळे सुटे झाले. माझ्या कार्डांवर रक्ताचे शिंतोडे, जमिनीवर काच आणि चहा. औषधवाली खाली जाऊन आपल्या दुकानातून कापूस आणि पट्ट्या घेऊन आली आणि शिव्या देत एकेकाला चिकटवू लागली. लिफ्टवाल्याच्या नाकात तिने मुठीएवढा बोळा कोंबला.

नांगर जमिनीवर बसला होता, कपाळावरून रक्त डोळ्यात येत होतं. म्हणाला, "तो विंचवाला मी. सारंग माझा मेहुणा, ताईचा नवरा. मी झोपलो नव्हतो."

औषधवालीने त्याच्या कपाळावर पट्टी दाबून बसवली.

"चालवून दाखव," तो मला म्हणाला. "नियम तुझाच आहे ना? अहवालातलं आहे म्हणून तू उत्तर दिलंस. चालवलं होतंस?"

नव्हतं चालवलं. चार हजार कार्डं आणि त्यातलं एक माणूस मारणारं, ते तेवढं मी तपासलं नव्हतं. माझं तोंड सुजत होतं, मला पोलिसांना बोलवायचं होतं, त्याचे दात पाडायचे होते. पण तो बरोबर होता आणि मी चुकलो होतो, आणि चुकीचं उत्तर माझ्या डब्यात राहिलेलं मला सोसत नाही. मी उरलेले दोन पडदे लावले आणि 'दोर तुटू शकतो' या खुणेवर बोट ठेवलं.

दोन वर्षं तो याचसाठी येत होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. एकोणीस वर्षं त्याला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती: आपण मेहुण्याला मारलं की नाही. अहवाल म्हणत होता मारलं. तो कुणाशी भांडणार? आणि आमच्याकडे आला तर इथे दोर तुटतच नव्हते.

त्याने सगळं तोंडपाठ सांगितलं. जहाज किती लांब, किती भरलेलं, पुढे किती दोर, मागे किती, ओहोटीला किती वेळ झाला होता. समोरच्या अरुंद वाटेवरून एक टँकर गेला होता. मोठं जहाज जवळून गेलं की बांधलेल्या जहाजाला पाण्याबरोबर ओढून घेतं, आधी मागे, मग पुढे. यावर माझी सहा कार्डं आहेत. अहवालात टँकरचा वेग पाच नॉट लिहिला होता, म्हणजे तिथे चालतो तेवढाच.

औषधवालीने टँकर घेतला. नांगर विंचवर बसला. अहवालात होता तसा ब्रेक आवळला. टँकर पाच नॉटने गेला. दोर जरासा ताठ झाला आणि परत सैल पडला. आम्ही तीनदा चालवलं. तुटायचं लक्षण नव्हतं.

"म्हणजे अहवाल खोटा," औषधवाली म्हणाली.

"तो जोरात होता," नांगर म्हणाला. "मी सांगितलं होतं त्यांना. जोरात होता."

"जोरात म्हणजे किती?" नाकातल्या बोळ्यातून लिफ्टवाला म्हणाला. "इथं जोरात चालत नाही. आकडा लागतो."

आता मी जे सांगतो ते सांगताना मला अभिमानही वाटतो आणि स्वतःच्या मुस्कटात मारावंसंही वाटतं. त्या टँकरचा फोटो माझ्याकडे होता. त्याच दिवसाचा. जहाजांचे फोटो जमवणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून मी तो घेतला होता, मागे तारीख आणि वेळ त्याच्या हाताने लिहिलेली. टँकरच्या धुराड्यावरचे पट्टे कोणत्या कंपनीचे, हा प्रश्न मी त्या फोटोवरून तीन वेळा विचारला होता. धुराडं मी भिंगाने पाहिलं होतं. त्याच्या खालचं पाणी कधीच पाहिलं नव्हतं.

आणि पाण्यात उत्तर असतं. जहाज चाललं की त्याच्या कडेने लाटांचे उंचवटे ठरावीक अंतरावर उठतात. वेग जेवढा जास्त तेवढं दोन उंचवट्यांमधलं अंतर जास्त. पाच नॉटला साधारण चार मीटर, दहाला सतरा. टँकरची लांबी एकशे वीस मीटर, ती मला पाठ होती. मी फोटो टेबलावर ठेवला आणि भिंगातून मोजायला लागलो. माझ्या ओठातलं रक्त फोटोवर पडलं, ते औषधवालीने पुसलं. उंचवटे सात होते. लिफ्टवाल्याने परत मोजले. सात.

"सतरा-सतरा मीटर. दहा नॉट," मी म्हटलं. दात नसल्यामुळे ते कसंतरीच ऐकू आलं.

औषधवालीने टँकर दहा नॉटने आणला. आमचं बांधलेलं जहाज आधी मागे सरकलं, मग पुढे निघालं. दोराशेजारचा ताणाचा आकडा चढत गेला, लाल झाला, आणि दोर पडद्यावरून नाहीसा झाला. खाली एक ओळ आली: 'दोर क्रमांक दोन तुटला.' आवाजसुद्धा झाला नाही.

"एवढंच?" नांगर म्हणाला.

मग त्याने तुटणं कसं असतं ते सांगितलं. ओला दोर ताणला की आधी पाणी सोडतो, पिळल्यासारखं. मग मनगटाएवढा होता तो अंगठ्याएवढा बारीक होतो. मग कुरकुरतो. तुटला की दिसत नाही, फक्त हवा फाटल्याचा आवाज येतो. सारंग विंचच्या पुढे, दोराच्या रेषेत उभा होता. दोर त्याच्या छातीखाली लागला. "त्याचं वरचं अंग कठड्यापाशी पडलं," नांगर म्हणाला. "पाय होते तिथेच होते. जरा वेळ उभे होते. मग पडले. दोराचं टोक परत आलं तेव्हा माझी बोटं गेली. मला दुपारपर्यंत कळलं नाही बोटं गेली ते."

औषधवाली, जी रोज लोकांच्या जखमा बघते, ती खिडकीकडे गेली.

आम्ही पुढे चालवत राहिलो. ब्रेक नीट लावला तरी दोर तुटला. ब्रेक सोडून दोर सैल केला, तर सगळा भार दुसऱ्या दोरावर गेला आणि तो तुटला. काहीही करा, दहा नॉटने टँकर गेला की त्या डेकवर दोर तुटणारच होता. विंचवाला झोपलेला असो, जागा असो, नाही तर स्वतः कप्तान असो.

लिफ्टवाल्याने नांगरला मिठी मारली. तासाभरापूर्वी त्याचं डोकं टेबलावर फोडणारा हाच. मी म्हटलं, कार्ड बदलतो, बंदराच्या ऑफिसला पत्र लिहितो, फोटो जोडतो, उंचवटे मोजून देतो. मला खरंच आनंद झाला होता. असा उपयोग माझ्या ज्ञानाचा कधी झाला नव्हता आणि पुढे होण्याची आशा नाही.

"परत चालव," नांगर म्हणाला. "ह्या वेळी घड्याळ लाव."

"कशाला? झालं की सिद्ध."

"आकडा दुप्पट होतो तिथून लाव. तिथे दोर पाणी सोडतो. तुटेपर्यंत मोज."

मी मोजलं. एकवीस सेकंद. त्याने परत चालवायला लावलं. एकवीस. तिसऱ्यांदाही तेवढेच.

"मला वाटायचं चार-पाच असतील," तो म्हणाला. "स्वतःला तेच सांगत आलो. वेळच नव्हता म्हणून."

मग त्याने बाकीचंही सांगितलं. आई-वडील गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलं. सारंगाशी तिचं लग्न झालं आणि सारंगाने याला जहाजावर घेतलं. दोर बांधायला शिकवलं ते लाथा घालून. प्रत्येक गाठीमागे एक. त्याचं याला काही नव्हतं. डेकवर सगळे तसेच शिकतात. पण घरीही त्याचा हात तसाच चालायचा. त्या दिवशी सकाळी हा ताईकडे डबा घ्यायला गेला तेव्हा तिचा उजवा हात मनगटापासून वाकडा लोंबत होता आणि ती डाव्या हाताने पाणी भरत होती. नवऱ्याने दारात घालून हात मोडला होता. हा तसाच जहाजावर गेला आणि सगळ्यांसमोर मेहुण्याच्या अंगावर धावला. सारंग दुप्पट ताकदीचा. त्याने याला डेकवर पाडून बरगड्यांत बूट घातले, आणि मग म्हणाला, चल, विंचवर बस.

"मी बसलो," नांगर म्हणाला. "तो माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. दोराने पाणी सोडलं ते मला दिसलं. त्याला दिसत नव्हतं. दाजी, बाजूला व्हा, एवढंच म्हणायचं होतं. एकवीस सेकंदांत दहा वेळा म्हणता येतं."

"आवाज पोचला नसता," लिफ्टवाला म्हणाला.

"तो दहा पावलांवर होता."

त्याला एकट्याने जाऊ द्यायला माझं मन होईना, म्हणून मी त्याच्याबरोबर ताईच्या दुकानापर्यंत गेलो. वाटेत म्हटलं, टँकरचं सांगा, बाकीचं सांगायची गरज नाही. सहा वाजले होते, ती शटर ओढायचा लोखंडी आकडा हातात घेऊन दारात उभी होती. आमची तोंडं बघून तिला हसू आलं.

"कुणी मारलं रे तुला? आणि काटेवाले, तुम्ही कधीपासून मारामाऱ्या करायला लागलात?"

मी घाईघाईने सगळं सांगून टाकलं. टँकर, फोटो, सात उंचवटे, दहा नॉट. तुमच्या भावाची काही चूक नव्हती. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा हळूहळू सैल होत होता. तिने त्याच्या गालाला हात लावला. "बघ," ती म्हणाली. "मी म्हणत नव्हते?"

"ताई, मला दिसलं होतं," नांगर म्हणाला. "दोर तुटणार हे मला दिसलं होतं. एकवीस सेकंद होते. मी ओरडलो नाही."

तिने हात काढून घेतला. भिंतीवर घड्याळ होतं, त्याच्या सेकंदकाट्याकडे ती बघत राहिली. मीही बघत होतो. मी आयुष्यभर मोजमापं करत आलोय, पण एकवीस सेकंद एवढे लांब असतात हे मला माहीत नव्हतं.

"पुष्कळ वेळ होता रे," ती म्हणाली.

"हो."

"त्या दिवशी निरोप आला तेव्हा मी आधी दाराला आतून कडी घातली. आणि हसले. मोडका हात पोटाशी धरून हसले. मग डोळ्यांना पाणी लावून बाहेर आले. एकोणीस वर्षं मी म्हणते, वरच्याने सोडवलं मला, तुझ्या हातून चूक झाली ती त्यानेच करवली. म्हणून मला झोप लागते. आता ते हसणं कुठे ठेवू मी?"

तिने आकड्याने त्याच्या खांद्यावर मारलं. मग दंडावर, मग पाठीत. लोखंड हाडावर बसल्याचा आवाज मी त्या दिवशी ऐकला. तो वाकला नाही, त्याने हात वर केला नाही. मी मध्ये गेलो तर त्याने तीन बोटांच्या हाताने मला छातीला धरून मागे लोटलं. ती मारत राहिली. कपाळावरची पट्टी सुटून त्याचं रक्त परत सुरू झालं, खिळ्यांच्या डब्यांवर उडालं. दम संपला तेव्हा तिने आकडा टाकला आणि पोत्यावर बसली.

"ओरडायचं होतंस," ती म्हणाली.

"ओरडलो असतो तर तो संध्याकाळी घरी आला असता."

"आला असता."

"आणि मग?"

"मग एखाद्या दिवशी त्याने मला मारून टाकलं असतं," ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात. "पण तू असा झाला नसतास."

नांगर तिच्या पायाशी खाली बसला. मी शटर बाहेरून ओढून घेतलं आणि घरी गेलो.